यादीत नाव असेल तरच आत!



‘तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने हे ॲप बंद केले आहे.’ लॅबमधल्या कॉम्प्युटरवर ही पाटी कधीच न पाहिलेला विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधूनही सापडायचा नाही. गेम चालत नाही, मित्राच्या पेनड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर चालत नाही, कधी कधी तर प्रोजेक्टला लागणारंही चालत नाही. हॉस्टेलच्या मेसमधलं सर्वमान्य मत असं, की लॅबवाल्या सरांना आपला आनंद बघवत नाही!

या मताची दुसरी बाजू मांडावी, आणि जमलं तर सरांसमोर तिसरीही बाजू ठेवावी, म्हणून हा लेख. विषय आहे ॲप्लिकेशन कंट्रोल, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर कोणते प्रोग्राम आणि कोणते ॲड-इन चालतील हे आधीच ठरवणे. आपल्या सिलॅबसमध्ये याला नेटवर्क सिक्युरिटीच्या शेवटच्या युनिटमध्ये अर्धं पान आहे. पण इन-प्लांट ट्रेनिंगला मी चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये गेले, तेव्हा याच अर्ध्या पानावर दुसऱ्या शिफ्टचं मशीन बंद पडताना पाहिलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये जे बोललं जातं तेच इथे लिहिलं आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी गोड मानून घ्यावं.

दोन प्रकारचे वॉचमन

समजा, एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये चोरांचे फोटो लावले आहेत. येणाऱ्याचा चेहरा फोटोशी जुळला तर अडवायचं, नाही जुळला तर सोडायचं. पारंपरिक अँटिव्हायरस बराचसा असाच चालतो. त्याच्याकडे वाईट प्रोग्रामच्या खुणांची यादी असते आणि ती रोज वाढवावी लागते. अडचण एवढीच, की आज सकाळी जन्मलेल्या चोराचा फोटो अजून कुणी काढलेलाच नसतो. नवे अँटिव्हायरस प्रोग्रामची वागणूकही बघतात, पण मूळ विचार तोच: संशयित ओळखा आणि अडवा.

दुसऱ्या सोसायटीत फोटो नाहीत, रजिस्टर आहे. रजिस्टरमध्ये नाव असेल तर आत, नसेल तर बाहेर. मग तो चोर असो, सज्जन असो किंवा चुकून आलेला पाहुणा असो. ॲप्लिकेशन कंट्रोल म्हणजे हे रजिस्टर. पूर्वी याला व्हाइटलिस्टिंग म्हणत, आता अलाऊ-लिस्ट म्हणतात. आपण परवानगी यादी म्हणू.

यादीची ही कल्पना नवी नाही. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं, त्यातच सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज नावाची सोय होती. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर ॲपलॉकर आलं. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आणखी कडक व्यवस्था आली. तिचं नाव आधी डिव्हाइस गार्ड, मग विंडोज डिफेंडर ॲप्लिकेशन कंट्रोल आणि आता ॲप कंट्रोल फॉर बिझनेस. नावं बदलली, रजिस्टर तेच. ऑस्ट्रेलिया सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने संस्थांसाठी आठ मूलभूत उपायांची यादी केली आहे, त्यातही ॲप्लिकेशन कंट्रोलला मानाचं पान आहे.

हे सगळं आपल्यापासून किती लांब आहे?

फार लांब नाही. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची तक्रार मार्च २०२१ मध्ये निगडी पोलीस ठाण्यात नोंदवली गेली. डेटा कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली होती. निगडी म्हणजे चिखलीहून रिक्षाच्या अंतरावर!

त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. मालवेअरने एटीएमचे व्यवहार तपासणाऱ्या स्विचच्या जागी बनावट व्यवस्था उभी केली आणि बँकेच्या खऱ्या यंत्रणेला न विचारता पैसे काढायला परस्पर मंजुरी दिली. ११ ऑगस्टला देशोदेशीच्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

आणि २७ जून २०१७ ला न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल नॉटपेट्यामुळे ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क समूहाचं होतं. मर्स्कला जगभरात ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. या नॉटपेट्याकडे आपण नंतर परत येणार आहोत, कारण तो रजिस्टरवर चोरून नव्हे तर ऐटीत सही करून आत शिरला होता.

या तिन्ही ठिकाणी यादी असती तर काहीच झालं नसतं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. मालकाने कधीही न मागवलेला प्रोग्राम मालकाच्या कॉम्प्युटरवर चालला. हा लेख त्या एका गोष्टीबद्दल आहे.

चिखलीतलं वर्कशॉप

साने चौकातून पुढे गेलं की चिखली, जाधववाडी, तळवडे या पट्ट्यात शेकडो छोटी वर्कशॉप दिसतात. कुणी फिक्स्चर बनवतं, कुणी प्रेसचे पार्ट, कुणी नुसतं वायरकट करतं. चाकण आणि भोसरीच्या मोठ्या कारखान्यांना जो माल जातो, त्यातला बराच अशा शेडमधून निघतो. मी ज्या वर्कशॉपमध्ये होते तिथे मशीनपेक्षा कॉम्प्युटर कमी: अकाउंट्सच्या ताईंचा एक, डिझाइनच्या मुलांचे दोन, क्वालिटीचा एक, शेठच्या केबिनमध्ये एक, आणि जुन्या व्हीएमसीशेजारी कूलंटच्या वासात बसलेला एक म्हातारा एक्सपी.

एवढ्याशा जागेत चोरण्यासारखं काय असणार? तर कस्टमरचं ड्रॉइंग! बाजारात न आलेल्या गाडीच्या पार्टचं ड्रॉइंग छोट्या व्हेंडरकडे कित्येक महिने आधी येतं. त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो आणि करारात त्याची जबाबदारी व्हेंडरची असते. ड्रॉइंग बाहेर गेलं की ऑर्डर जाते. ऑर्डर गेली की आधी दुसरी शिफ्ट जाते, आणि दुसऱ्या शिफ्टबरोबर आठ-दहा घरांचा पगार. म्हणजे ‘डेटा लीक’ हा आपल्या परीक्षेतला चार मार्कांचा शब्द तिथे घरभाड्याचा प्रश्न असतो.

यादी करायची म्हणजे शेठना विचारून चार नावं लिहायची, असं वाटतं ना? शेठ म्हणाले, “आपल्याकडे आठ-दहा सॉफ्टवेअर असतील.” प्रत्यक्ष प्रत्येकाशेजारी बसून वहीत लिहिलं तेव्हा नोंदी चाळीसच्या वर गेल्या. कॅड, कॅम, टॅली, एक्सेल ही मोठी मंडळी सगळ्यांना माहीत. पण जीएसटीसाठी लागणारं डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं ड्रायव्हर आणि एमसायनर, सीएमएमचा रिपोर्ट उघडणारा व्ह्यूअर, लेबल प्रिंटरचं सॉफ्टवेअर, हजेरीच्या मशीनमधून पंच खेचणारा प्रोग्राम ही पाहुणे मंडळी फक्त त्यांच्या मालकांनाच माहीत.

ओळख पटवायची कशी?

रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. पण दारात आलेला माणूस तोच आहे हे कशावरून? ॲपलॉकरमध्ये ओळख पटवण्याचे तीन मार्ग आहेत. तिन्ही नीट समजून घ्या, परीक्षेलाही येतात.

पहिला मार्ग पत्त्याचा, म्हणजे पाथ रूल. ‘प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमधून जे चालेल ते चालू द्या.’ हा सर्वात सोपा. ॲपलॉकरचे तयार नियमही असेच आहेत: विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या दोन फोल्डरमधलं सगळ्यांना खुलं, आणि ॲडमिनिस्ट्रेटरला सगळंच खुलं. यामागचा तर्क असा, की साध्या युजरला या फोल्डरमध्ये काही ठेवताच येत नाही, त्यामुळे तिथे जे आहे ते ॲडमिनिस्ट्रेटरनेच ठेवलेलं असणार. तर्क चांगला, पण विंडोज फोल्डरच्या पोटात टेंपसारखे काही सब-फोल्डर आहेत जिथे साधा युजरही फाइल टाकू शकतो. ते शोधून नियमातून वगळावे लागतात. थोडक्यात काय, पत्त्यावर विश्वास ठेवायचा तर त्या घरात कोण कोण शिरू शकतं हे माहीत हवं.

दुसरा मार्ग सही-शिक्क्याचा, म्हणजे पब्लिशर रूल. चांगल्या कंपन्या आपल्या प्रोग्रामवर डिजिटल सही करतात. ‘या कंपनीची सही असलेलं, या नावाचं, या व्हर्जनपासून पुढचं चालू द्या’ असा नियम करता येतो. अपडेट आलं तरी नियम बदलावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण सहीसुद्धा चोरीला जाते. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. स्टक्सनेट पेनड्राइव्हमधून पसरायचा, त्याचं लक्ष्य होतं सीमेन्सचं पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर, आणि त्याची लागण झालेल्या देशांत भारत वरच्या क्रमांकात होता.

तिसरा मार्ग अंगठ्याच्या ठशाचा, म्हणजे हॅश रूल. फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून शा-२५६ या पद्धतीने एक आकडा काढतात. तो हेक्साडेसिमलमध्ये ६४ अक्षरी असतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. हा सर्वात पक्का मार्ग, आणि सर्वात कटकटीचा. प्रोग्रामचं अपडेट आलं की ठसा बदलला, की तो दारात अडकला!

मग वापरायचा कोणता? उत्तर प्रोग्राम बघून द्यायचं. टॅली, कॅड, ऑफिस यांना सही असते आणि अपडेटही वारंवार येतात, त्यांना सही-शिक्का. जो जुना प्रोग्राम सहीशिवाय आहे आणि ज्याला कधीच अपडेट येणार नाही, त्याला अंगठ्याचा ठसा. आणि पत्ता फक्त तिथे, जिथे साध्या युजरला लिहायची मुभा नाही.

पहिली यादी आणि पहिला घोटाळा

माझं ट्रेनिंग सुरू व्हायच्या सुमारास वर्कशॉपने बाहेरच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून यादीचं काम करून घेतलं होतं. त्याने ॲपलॉकरचे तयार नियम लावले आणि शनिवारी संध्याकाळी थेट कडक मोड चालू करून तो निघून गेला.

जुन्या व्हीएमसीचा प्रोग्राम सिरियल केबलमधून पाठवावा लागतो. नव्या डिझाइन-पीसीवरून तो पाठवणारं छोटं डीएनसी सॉफ्टवेअर कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी डी ड्राइव्हवर ठेवलं होतं. ते प्रोग्राम फाइल्समध्ये नव्हतं, त्यावर सही नव्हती, आणि यादी करणाऱ्याने मशीनवरच्या माणसाला काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटर मामांनी बटण दाबलं, आणि आली पाटी: ‘तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने हे ॲप बंद केले आहे.’ ॲडमिनिस्ट्रेटरचा फोन बंद. सोमवारी सकाळी माल जायचा होता.

मामांनी काय करावं? त्यांनी ड्रॉइंग आणि प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतले, भाच्याचा लॅपटॉप मागवला, त्यावर तेच सॉफ्टवेअर टाकलं, केबल जोडली आणि मशीन चालू केलं. सोमवारी माल वेळेवर गेला, शेठ खूश! फक्त एक झालं. ज्या गोपनीय ड्रॉइंगसाठी एवढा बंदोबस्त केला, ते आता एका कॉलेजच्या मुलाच्या लॅपटॉपवर होतं, जिथे गेम होते, क्रॅक होते, आणि कसलीच यादी नव्हती.

मामांना दोष देणं सोपं आहे. पण मला विचाराल तर मामांनी त्यांचं काम केलं होतं, आणि यादीने केलं नव्हतं. दार एवढं घट्ट लावलं की घरच्या माणसालाच भिंतीला भोक पाडावं लागलं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा धडा हाच आहे, आणि तो आमच्या अर्ध्या पानात नव्हता: यादी किती कडक आहे यापेक्षा ती कुणाला विचारून केली आहे हे जास्त महत्त्वाचं.

आधी पाहा, मग अडवा

हा घोटाळा टाळायची सोय ॲपलॉकरमध्येच आहे. तिचं नाव ऑडिट मोड. यात काहीच अडवलं जात नाही, फक्त नोंद होते. नियम कडक असते तर हा प्रोग्राम अडला असता, असं इव्हेंट लॉगमध्ये ८००३ या क्रमांकाने लिहिलं जातं. खरंच अडवलं तर ८००४. वॉचमन महिनाभर नुसता बसून वहीत लिहितो आहे, असं समजा.

किती दिवस बसवायचा? इथे अकाउंट्सच्या ताईंनी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. त्या म्हणाल्या, “अगं, आठवड्यात काय कळणार तुला? महिनाअखेर गेल्याशिवाय ऑफिस कळत नाही.” आणि खरंच! जीएसटीचं रिटर्न, पगारपत्रक, हजेरीचा हिशेब, कस्टमरला जाणारा क्वालिटी रिपोर्ट या प्रत्येकासाठी महिन्यातून एकदाच उघडणारा एखादा प्रोग्राम होता. दोन आठवड्यांच्या ऑडिटमध्ये यातला निम्मा सुटला असता. म्हणून ऑडिट मोडमध्ये निदान एक महिनाअखेर गेलीच पाहिजे, आणि वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टींसाठी माणसांना विचारलंच पाहिजे. लॉगला मार्चअखेर ठाऊक नसते, ताईंना असते.

मामांच्या डीएनसी सॉफ्टवेअरला शेवटी हॅशचा नियम मिळाला. सही नाही, अपडेट येणार नाही, म्हणजे ठसा कायमचा एकच. डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता मोकळा करणं सोपं होतं, पण मग तिथे कुणीही काहीही ठेवून चालवलं असतं. आणि म्हाताऱ्या एक्सपीचं काय? एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्याला नेटवर्कवरून काढून फक्त मशीनपुरता ठेवला.

पाहुण्याच्या पिशवीतला पाहुणा

आता ॲड-इनकडे येऊ. आतापर्यंतचं सगळं रजिस्टर प्रोग्रामचं होतं. पण एक्सेल यादीत आहे म्हणून एक्सेल आत आलं, आणि त्याच्या पिशवीत मॅक्रो होता. वॉचमनने पिशवी उघडली नाही. ॲपलॉकर एक्सेल चालू द्यायचं की नाही हे ठरवतं, पण एक्सेलच्या आतला व्हीबीए मॅक्रो त्याला दिसत नाही.

आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये अशा पिशव्या भरपूर. क्वालिटीच्या एक्सेलमध्ये मॅक्रो, टॅलीमध्ये टीडीएलमधून लिहिलेली कस्टमायझेशन, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, आणि कॅडमध्ये लिस्प. यातला कॅडचा किस्सा मेकॅनिकलच्या मंडळींनी कान देऊन ऐकावा. ऑटोकॅडमध्ये ‘एकॅड डॉट एलएसपी’ या नावाची फाइल असली की ऑटोकॅड ती सुरू होताना आपोआप लोड करत असे, अगदी ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्ये पडलेली असली तरी. म्हणजे कुणी ड्रॉइंगचं आख्खं फोल्डर झिप करून पाठवलं, तुम्ही उघडून ड्रॉइंगवर क्लिक केलं, की सोबतची लिस्प फाइलही चालली. २०१२ मध्ये ईसेट या कंपनीने मेड्रे नावाचा असाच एक किडा उघडकीला आणला. त्याचा मुख्य फैलाव पेरू देशात होता. तो उघडलेली ड्रॉइंग गुपचूप ईमेलने चीनमधल्या खात्यांवर पाठवायचा. अशी हजारो ड्रॉइंग गेली. पेरूच्या जागी चिखली घालून वाक्य पुन्हा वाचा.

त्यानंतर ऑटोकॅड २०१४ पासून सिक्युअरलोड नावाचं सेटिंग आलं. त्याची किंमत ० असेल तर कुठूनही काहीही लोड होतं, १ असेल तर विश्वासू फोल्डरबाहेरचं काही लोड करण्याआधी विचारलं जातं, आणि २ असेल तर विश्वासू फोल्डरबाहेरचं लोडच होत नाही. विश्वासू फोल्डर कोणते हे ट्रस्टेडपाथ्समध्ये लिहायचं. आम्ही डिझाइनच्या मुलांच्या कामाच्या लिस्प फाइल एका फोल्डरमध्ये जमा केल्या, ते त्यांना फक्त वाचायला उघडं ठेवलं, आणि आकडा २ केला. विश्वासू फोल्डर सगळ्यांना लिहायला उघडं ठेवलं तर ते विश्वासू कसलं!

मॅक्रोचंही असंच. वर्डच्या मॅक्रोवर पसरलेला मेलिसा व्हायरस मार्च १९९९ मधला. इतक्या वर्षांनंतर, २०२२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आधी वर पिवळी पट्टी यायची आणि आपण सवयीने ‘एनेबल’ दाबायचो. आता लाल पट्टी येते आणि ते बटणच नसतं. जे मॅक्रो खरोखर लागतात त्यांच्यासाठी विश्वासू जागा ठरवा किंवा त्यांच्यावर सही करून घ्या, बाकी सगळे बंद.

म्हणजे सूत्र असं: प्रोग्राम तपासायला विंडोजचं दार, आणि प्रोग्रामच्या पोटातला ॲड-इन तपासायला त्या प्रोग्रामचं स्वतःचं दार. एक लावून दुसरं उघडं ठेवलं तर काम अर्धंच झालं.

कुंपणच शेत खातं तेव्हा

आता परत नॉटपेट्याकडे. तो युक्रेनमध्ये एम-ई-डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसला. आपल्याकडे जसं टॅली, तसं तिकडे हे सॉफ्टवेअर घराघरात. ते कुणाच्याही यादीत असणारच, आणि अपडेट त्याच कंपनीच्या सर्व्हरवरून आलं होतं. विश्वासातलाच माणूस विष घेऊन आला तर रजिस्टर काय करणार?

तसंच विंडोजच्या स्वतःच्या पॉवरशेल किंवा रनडीएलएल३२ सारख्या साधनांचं. ती यादीत असावीच लागतात आणि हल्लेखोर नेमकी तीच वापरतात. म्हणून यादीबरोबर आणखी तीन गोष्टी लागतात. रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटरचा लॉगिन वापरायचा नाही, कारण ॲडमिनिस्ट्रेटरला ॲपलॉकरचे तयार नियम अडवतच नाहीत. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवायची. आणि लॉग कुणीतरी खरोखर वाचायचा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉगच कुणी उघडत नसेल तर लक्षात येणार तरी कसं?

यादीची चावी कुणाकडे?

वर्कशॉपमध्ये शेवटी जी पद्धत बसली ती अगदी साधी होती. यादीवर नाव चढवायचं तर वहीत तीन ओळी लिहायच्या: काय हवं, कशासाठी हवं, कधीपर्यंत हवं. उत्तर त्याच दिवशी द्यायचं, ‘हो’ असो की ‘नाही’, आणि ‘नाही’ असेल तर त्याऐवजी काय वापरायचं तेही सांगायचं. रात्रपाळीला अडलं तर कुणाला फोन करायचा ते नाव मशीनशेजारी भिंतीवर चिकटवायचं, आणि त्या माणसाने फोन उचलायचा! दर तीन महिन्यांनी यादी वाचायची आणि ज्याचं काम संपलं त्याचं नाव खोडायचं. हजेरीचं जुनं मशीन भंगारात जाऊन बरेच दिवस झाले होते, त्याचा प्रोग्राम मात्र अजून सुखाने नांदत होता.

आपल्या लॅबमध्येही अशी एक वही ठेवावी, अशी सरांना या लेखातून नम्र विनंती. ‘बंद आहे’ या उत्तरापुढे ‘मग चालू कसं होईल’ याचं उत्तर नसेल, तर विद्यार्थी काय करतात हे सरांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि आमच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करायला हवी. हॉस्टेलमध्ये खोलीखोलीतून फिरणाऱ्या पेनड्राइव्हमधलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसाने मूळ फाइल फोडून पुन्हा शिवलेली असते. त्यावरची सही तुटलेली, ठसा बदललेला. उद्या हीच सवय घेऊन आपण चाकणच्या एखाद्या कंपनीत ट्रेनी म्हणून बसणार, आणि समोर कुणाच्यातरी दोन वर्षांच्या मेहनतीचं ड्रॉइंग असणार.

गृहपाठ

लेख वाचून सोडून देऊ नका, दोन प्रयोग करून पाहा. एक, कुठलीही छोटी टेक्स्ट फाइल घ्या आणि पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड देऊन तिचा ठसा काढा. मग फाइलमधला एक स्वल्पविराम खोडा, सेव्ह करा आणि पुन्हा काढा. ६४ अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की हॅश रूल कायमचा लक्षात राहील. दोन, एक्सेलचं ट्रस्ट सेंटर उघडा आणि विश्वासू जागांच्या यादीत काय काय आहे ते वाचा. त्यातल्या प्रत्येक फोल्डरमध्ये तुम्हाला नवी फाइल टाकता येते का ते बघा. येत असेल, तर ती दुसऱ्या कुणालाही टाकता येईल.

आणि इन-प्लांट ट्रेनिंगला जाल तेव्हा पहिल्या दिवशी सर्व्हर रूम दाखवा असं म्हणू नका. आधी अकाउंट्सच्या ताईंना विचारा, महिनाअखेरीला काय काय उघडता? मशीनवरच्या मामांना विचारा, प्रोग्राम कुठून पाठवता? वही आणि पेन बरोबर ठेवा. निम्मी यादी तिथेच तयार होईल.